कॅल रिपकेन ज्युनियर : सलग २,६३२ सामने आणि त्याआडचा शॉर्टस्टॉप (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॅल रिपकेन कोण? दोन ओळींत सांगा.

बाल्टिमोर ओरिओल्स या एकाच संघाकडून १९८१ ते २००१ अशी २१ वर्षं खेळलेला अमेरिकन बेसबॉलपटू. ३० मे १९८२ ते १९ सप्टेंबर १९९८ या काळात त्याने संघाचा एकही सामना चुकवला नाही, सलग २,६३२. जगाला तो एवढ्यासाठीच ठाऊक आहे. माझं मत विचाराल तर हा आकडा त्याच्या कारकिर्दीतली दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट आहे. पहिली गोष्ट म्हणजे त्याने शॉर्टस्टॉप ही जागा कशी खेळली. खालची बरीचशी उत्तरं त्याच दिशेला झुकतील, हे आधीच सांगून ठेवतो.

शॉर्टस्टॉप मैदानात नेमका कुठे उभा असतो?

दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे (बेस म्हणजे धावणाऱ्याने ओळीने गाठायची ठाणी). आपल्याकडे शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना सांगायला नको. तिथेही ही जागा असतेच. क्रिकेटच्या भाषेत बोलायचं तर उजव्या हाताच्या फलंदाजाचा मिडविकेट, फक्त बराच जवळ. बहुतेक बॅटर उजव्या हाताने खेळतात आणि चेंडू ओढून मारतात, त्यामुळे जमिनीलगतचे फटके सगळ्यात जास्त इकडेच येतात.

या जागेची अडचण वेळेची आहे. दोन बेसमधलं अंतर ९० फूट. उजव्या हाताचा सरासरी वेगाचा बॅटर फटका मारून साधारण सव्वाचार सेकंदांत पहिल्या बेसवर पोचतो. तेवढ्यात शॉर्टस्टॉपने चेंडूपर्यंत जायचं, तो नीट उचलायचा, पाय सावरायचे आणि मैदान ओलांडून पहिल्या बेसवरच्या सहकाऱ्याच्या हातमोज्यात फेकायचा. चेंडू हातातून एकदा उसळला की बॅटर सुखरूप. क्रिकेटमध्ये मिसफील्डची एक धाव जाते. इथे जवळपास मिळालेला गडीच जातो.

म्हणून शॉर्टस्टॉप हा संघातला सगळ्यात चपळ क्षेत्ररक्षक असायचा आणि त्याने फटकेबाजी केली नाही तरी कुणी फारसं मनावर घ्यायचं नाही. रिपकेनच्या आधी ओरिओल्सची ही जागा बरीच वर्षं मार्क बेलँजरने सांभाळली. क्षेत्ररक्षणासाठीचे आठ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार आणि फलंदाजीची कारकिर्दीतली सरासरी जेमतेम .२२८, म्हणजे हजार पाळ्यांत २२८ हिट (बॅटरला बेसवर सुखरूप पोचवणारे फटके). तरी लोक खूश होते.

मग सहा फूट चार इंचांचा माणूस तिथे कसा पोचला?

मॅनेजर अर्ल वीव्हरच्या हट्टामुळे. रिपकेन तिसऱ्या बेसवर खेळायचा. त्याच्यासाठी ती जागा मोकळी व्हावी म्हणून संघाने डग डिसिन्सेस या जमलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाकडे पाठवलं होतं. आणि १ जुलै १९८२ रोजी वीव्हरने त्याला उचलून शॉर्टस्टॉपला उभं केलं. शंभर किलोच्या आसपास वजनाचा गडी या जागेवर टिकेल असं तेव्हा फार कमी लोकांना वाटत होतं. उंच शॉर्टस्टॉप आधी झालेच नव्हते असं नाही, पण तो अपवाद समजला जायचा. वीव्हरचा हिशेब सरळ होता : जिथे इतर संघ फटके न मारणारा माणूस खेळवतात, तिथे आपण वर्षाला २५-३० होम रन (आपल्या षटकारासारखे, थेट कुंपणापलीकडे जाणारे फटके) मारणारा माणूस खेळवायचा. हा फायदा सामन्यागणिक मिळतो.

त्या मोसमात रिपकेनने २८ होम रन मारले आणि अमेरिकन लीगचा (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. जागेचा प्रयोग तात्पुरता आहे असं त्याला वाटलं होतं म्हणे. तो चौदा वर्षं चालला.

घरात बेसबॉल होता का?

घरात दुसरं काही होतं की नाही असा प्रश्न पडावा इतका. वडील, कॅल रिपकेन सीनियर, ओरिओल्सच्या छोट्या संघांचे प्रशिक्षक-मॅनेजर म्हणून वर्षानुवर्षं गावोगाव फिरले. कुटुंबाचं बिऱ्हाड मेरीलँडमधल्या ॲबर्डीनला, पण उन्हाळा कुठल्या तरी छोट्या मैदानावर. मुलगा तिथे चेंडू गोळा करत, मोठ्यांना प्रश्न विचारत वाढला. बेसबॉल खेळण्याची ‘ओरिओल्स पद्धत’ म्हणून जी शिस्त पुढे प्रसिद्ध झाली, ती तळाच्या संघांतल्या पोरांना घोटून शिकवणाऱ्यांत हे सीनियर होते.

१९७८ साली ओरिओल्सने ज्युनियरला दुसऱ्या फेरीत निवडलं, एकूण ४८वा. शाळेत तो जबरदस्त पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा, आपल्या गोलंदाजासारखा) होता आणि पुष्कळ निरीक्षकांना तो पिचर म्हणूनच हवा होता. ओरिओल्सने त्याला रोज खेळणारा खेळाडू करायचं ठरवलं. पिचर चार-पाच दिवसांतून एकदा खेळतो, तेव्हा हा निर्णय उलटा झाला असता तर हे पान लिहायची वेळच आली नसती.

तो ३३ इनिंगचा सामना खरंच झाला होता?

झाला होता, आणि रिपकेन त्यात होता. रोचेस्टर (ओरिओल्सचा छोटा संघ) विरुद्ध पॉटकेट, ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटचं मॅकॉय स्टेडियम, १८ एप्रिल १९८१ची रात्र. इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी; एरवी सामना नऊ इनिंगचा. बेसबॉलमध्ये बरोबरी मान्य नाही, म्हणून नऊनंतर इनिंग वाढत गेल्या. पहाटे चारच्या पुढे, ३२ इनिंग झाल्यावर, सामना थांबवला गेला. तेव्हा मैदानात १९ प्रेक्षक उरले होते. उरलेला खेळ २३ जूनला झाला आणि अठरा मिनिटांत संपला. पॉटकेट ३-२ने जिंकलं. रोचेस्टरच्या तिसऱ्या बेसवर उभा असलेला रिपकेन १३ वेळा फलंदाजीला आला आणि त्याला दोन हिट मिळाले. समोरच्या संघात वेड बॉग्ज होता. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेले. त्याच वर्षी १० ऑगस्टला रिपकेन मुख्य संघात आला, पहिल्यांदा मैदानात उतरला तो दुसऱ्यासाठी पळायला, आणि विजयाची धाव त्यानेच केली.

त्याने वर्ल्ड सिरीज जिंकली का?

वर्ल्ड सिरीज म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली मोसमाची अंतिम मालिका. एकदाच, १९८३ मध्ये, फिलाडेल्फिया फिलीजविरुद्ध ४-१. शेवटचा गडी त्याच्याच हातात बाद झाला : गॅरी मॅडॉक्सचा सरळ फटका, रिपकेनचा झेल. त्या मोसमात .३१८ सरासरी, २११ हिट, २७ होम रन आणि लीगचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर. तेवीस वर्षांचा होता. पुढे अठरा वर्षं तो खेळला, पण वर्ल्ड सिरीज पुन्हा कधी वाट्याला आली नाही.

तो चपळ नव्हता, तर त्याचं क्षेत्ररक्षण चांगलं कसं?

या प्रश्नासाठीच मी हे पान लिहायला बसलो.

ओझी स्मिथ नावाचा शॉर्टस्टॉप त्याच काळात नॅशनल लीगमध्ये होता. स्मिथ हवेत आडवा जायचा, उघड्या हाताने चेंडू पकडायचा, खेळाआधी कोलांटी मारून दाखवायचा. लोकांना शॉर्टस्टॉप म्हणजे हेच वाटायचं. रिपकेनच्या खेळात सूर मारणं कमीच दिसतं, कारण चेंडू यायच्या आधीच तो तिथे उभा असायचा.

हे कसं जमतं ते पाहा. तेव्हा शॉर्टस्टॉपला कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) बोटांची खूण दिसायची. म्हणजे पुढचा चेंडू वेगवान आहे की वळणारा, आतल्या बाजूला की बाहेर, हे त्याला बॅटरच्या आधी कळायचं. उजव्या हाताच्या बॅटरला आत हळू चेंडू पडणार असेल तर तो ओढून मारण्याची शक्यता जास्त, म्हणजे तिसऱ्या बेसकडे सरकायचं. बाहेर वेगवान चेंडू असेल तर बॅट उशिरा येणार, म्हणजे मधल्या बाजूला. आता यात आणखी चार गोष्टी मिसळा : हा बॅटर पळतो किती, पिचर दमला आहे का, बेसवर कुणी आहे का, मैदानाचं गवत किती वाढलंय. रिपकेन हे सगळं प्रत्येक चेंडूला करायचा. शिवाय सरकायचं तेही अगदी शेवटच्या क्षणी, नाही तर समोरच्या बाकावरचे लोक त्याच्या पावलांवरून पुढचा चेंडू ओळखणार.

आज प्रत्येक संघाकडे संगणकावर काढलेले नकाशे असतात, खेळाडूच्या टोपीत छापील चिठ्ठी असते. १९८४ मध्ये हे डोक्यातच ठेवावं लागायचं. त्या वर्षी त्याने ५८३ असिस्ट केले, म्हणजे इतक्या वेळा त्याच्या हातच्या थ्रोने गडी बाद होण्यात वाटा उचलला. अमेरिकन लीगच्या शॉर्टस्टॉपसाठी तो विक्रम ठरला.

दुसरा भाग त्याच्या हाताचा. पिचर होऊ शकला असता असा खांदा असल्यामुळे तो इतरांपेक्षा मागे उभा राहू शकायचा. मागे उभं राहिलं की चेंडूपर्यंत पोचायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि आवाका वाढतो. लांबच्या थ्रोची उसनवारी खांदा फेडतो. चपळाईची कमतरता त्याने अशी भरून काढली.

आणि १९९०. अख्ख्या मोसमात ६८० संधींत तीन चुका. तीन! यशाचं प्रमाण .९९६, शॉर्टस्टॉपसाठी तोवर कधीच न दिसलेलं. मधे सलग ९५ सामने एकही चूक नाही. एवढं होऊनही त्या वर्षीचा गोल्ड ग्लव्ह शिकागोच्या ओझी गियेनला मिळाला. मतदान करणाऱ्यांना अजूनही उड्या मारणारा शॉर्टस्टॉपच आवडत होता, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा सापडायचा नाही. पुढच्या दोन्ही वर्षी मात्र पुरस्कार रिपकेनला दिला.

१९९१चा मोसम त्याचा सर्वोत्तम म्हणतात. का?

.३२३ सरासरी, ३४ होम रन, ११४ आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा), होम रन मारण्याच्या ‘डर्बी’ स्पर्धेचा विजेता, ऑल-स्टार सामन्याचा (दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंमधला सामना) सर्वोत्तम खेळाडू, गोल्ड ग्लव्ह आणि दुसऱ्यांदा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर. संघ मात्र त्या वर्षी ९५ सामने हरला. हरणाऱ्या संघातल्या खेळाडूला हा मान क्वचितच मिळतो.

त्याच मोसमाच्या शेवटी ओरिओल्सने जुनं मेमोरियल स्टेडियम सोडलं. तिथल्या शेवटच्या सामन्यातला शेवटचा बॅटर रिपकेन होता आणि तो डबल प्लेमध्ये बाद झाला, म्हणजे एका फटक्यात दोघे गेले. ही त्याची जुनी खोड. कारकिर्दीत ३५० वेळा असं झालं आणि निवृत्तीच्या वेळी हा नकोसा विक्रमही त्याच्याच नावावर होता. जोरात मारणारा आणि मंद पळणारा माणूस रोजच्या रोज खेळला की हे होणारच.

‘सलग सामने’ मोजतात कसे? नुसतं नाव यादीत असलं की झालं?

नाही. नियमाप्रमाणे किमान अर्धी इनिंग क्षेत्ररक्षण करावं लागतं किंवा फलंदाजीची एक पाळी पूर्ण करावी लागते. दुसऱ्यासाठी नुसतं पळून आलेलं धरत नाहीत. पंचाने हाकललं तर मात्र मालिका तुटत नाही. हे कलम रिपकेनच्या उपयोगी पडण्यासारखंच होतं, कारण १९८९ मध्ये एकदा पंचाशी हुज्जत घातल्यामुळे त्याला पहिल्याच इनिंगमध्ये बाहेर जावं लागलं होतं.

अर्धी इनिंग खेळून निघून जायची पळवाट रिपकेनने वापरायचं टाळलं, हे मात्र सांगितलं पाहिजे. आधीचा विक्रम न्यू यॉर्क यांकीजच्या लू गेहरिगचा, १९२५ ते १९३९, सलग २,१३०. गेहरिग १९३४ मध्ये पाठ धरलेली असताना एका सामन्यात फक्त एकदा फलंदाजी करून परतला होता. गंमत म्हणजे पहिल्या बेसवरच्या या खेळाडूचं नाव त्या दिवशी कागदावर शॉर्टस्टॉप म्हणून लिहिलं होतं. रिपकेन तर १९८२ ते १९८७ या काळात नुसते सामने नव्हे, एकही इनिंग चुकवत नव्हता. सलग ८,२४३ इनिंग.

आणि वडिलांनीच त्याला बाहेर काढलं?

हो. १९८७ मध्ये कॅल सीनियर ओरिओल्सचे मॅनेजर झाले. जुलैमध्ये धाकटा बिलीही संघात आला, दुसऱ्या बेसवर. एकाच संघात दोन मुलगे आणि वडील मॅनेजर, हे मेजर लीगमध्ये प्रथमच घडत होतं. १४ सप्टेंबरला टोरांटोमध्ये संघाची धुलाई चालली होती. टोरांटोने त्या रात्री दहा होम रन मारले आणि १८-३ने जिंकले. आठव्या इनिंगमध्ये सीनियरनी मुलाला बसवलं. इनिंगच्या आकड्याची चर्चा वाढत चालली होती आणि ती मुलाच्या डोक्यावरून उतरवायची होती. सामन्यांची मालिका चालूच राहिली.

पुढच्या एप्रिलमध्ये पहिले सहा सामने हरल्याबरोबर संघाने सीनियरना काढून टाकलं. त्यांच्या जागी फ्रँक रॉबिन्सन आले तरी ओरिओल्स हरतच राहिले. मोसमाच्या सुरुवातीला सलग २१ पराभव. दोन्ही मुलगे त्याच संघात, त्याच मैदानात रोज उतरत होते. बापाला काढणाऱ्या संघासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी तयार होऊन जायचं, हे मला त्या २,६३२मधलं सगळ्यात अवघड काम वाटतं. त्याच उन्हाळ्यात त्याने संघाशी नवा करारही केला.

मालिका तुटायची वेळ कधी आली होती?

तीन-चारदा. १९८५ मध्ये घोटा मुरगळला. नशिबाने दुसऱ्या दिवशी लीगचा सामना नव्हता. १९९६ मध्ये ऑल-स्टार संघाच्या छायाचित्राच्या वेळी शेजारच्याच्या कोपराने नाक मोडलं, ते बसवून घेऊन तो त्याच संध्याकाळी खेळला. १९९७ मध्ये पाठीच्या चकतीचा त्रास.

सगळ्यात जवळून गेली ती जून १९९३ची. सिॲटलविरुद्ध मैदानावर दोन्ही संघांची हाणामारी झाली आणि ढिगाऱ्याखाली त्याचा गुडघा पिळवटला. दुसऱ्या सकाळी पाय टेकवत नव्हता. आज नाही जमणार, असं त्याने घरी सांगितलं. एक इनिंग खेळून बाहेर येता येईल ना, असं बायकोने विचारलं तेव्हा त्याने नाही म्हटलं : खेळायचं तर पूर्ण, नाही तर नाही. संध्याकाळपर्यंत सूज उतरली आणि तो पूर्ण सामना खेळला.

६ सप्टेंबर १९९५च्या रात्री काय घडलं?

त्याआधीचं वर्ष समजून घ्यावं लागेल. ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडूंनी संप केला. उरलेला मोसम गेला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली. पुढच्या वसंतात मालकांनी बदली खेळाडू घेऊन मोसम सुरू करायची तयारी केली. ओरिओल्सचे मालक पीटर अँजेलोस यांनी एकट्याने त्याला नकार दिला. बदली खेळाडूंचे सामने झाले असते तर रिपकेनच्या मालिकेचं काय, हा वाद उभा राहिला असता. शेवटी संप मिटला, मोसम १४४ सामन्यांचा झाला. पण प्रेक्षक चिडलेले होते. लक्षाधीश खेळाडू आणि कोट्यधीश मालक यांच्या भांडणात सामान्य माणसाला रस उरला नव्हता.

त्या उन्हाळ्यात ओरिओल्सच्या नव्या कॅमडेन यार्ड्स स्टेडियमच्या उजव्या बाजूला, मैदानामागच्या जुन्या विटांच्या गोदामावर मालिकेच्या सामन्यांचे मोठमोठे आकडे टांगले होते. बेसबॉलमध्ये साडेचार ते पाच इनिंग झाल्या की सामना अधिकृत ठरतो. त्या क्षणी रोज संगीत लागायचं आणि एक आकडा पुढे सरकायचा. रिपकेन त्या मोसमात सामना संपल्यावर कुंपणापाशी उभा राहून तासन् तास सह्या देत बसायचा.

६ सप्टेंबर. समोर कॅलिफोर्निया एंजल्स. मैदानात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन, आणि गेहरिगचा जुना सहकारी जो डिमॅजिओ. चौथ्या इनिंगमध्ये रिपकेनने होम रन मारला. आदल्या दिवशी बरोबरीच्या सामन्यातही मारला होता. पाचव्या इनिंगमध्ये एंजल्सचा तिसरा गडी दुसऱ्या बेसपाशी झेलबाद झाला आणि गोदामावर २१३१ उलगडलं.

टाळ्या थांबेनात. तो बाकावरून बाहेर आला, हात केला, परत गेला. पुन्हा बाहेर. अंगातला सदरा काढून कुंपणाजवळ बसलेल्या बायको-मुलांना दिला. पुन्हा आत. शेवटी बॉबी बोनिया आणि राफाएल पाल्मेरो या दोघा सहकाऱ्यांनी त्याला खांद्याला धरून अक्षरशः ढकललं : जा, एक फेरी मार. आणि तो निघाला, पळत नव्हे, चालत. कठड्याशी वाकून लोकांचे हात हातात घेत, रखवालदाराशी, मैदान झाडणाऱ्यांशी, मग एंजल्सच्या बाकावरच्या एकेकाशी. वरच्या कक्षात वडील उभे होते. त्यांच्याकडे त्याने पाहिलं. सगळं मिळून बावीस मिनिटं खेळ बंद होता. दूरचित्रवाणीवरचे समालोचक त्यातला बराच वेळ एक शब्दही बोलले नाहीत, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

ओरिओल्स ४-२ने जिंकले. नंतरच्या भाषणात त्याने आई, वडील, बायको आणि जुना सहकारी एडी मरे या चौघांचे आभार मानले. संपाने रुसलेला प्रेक्षक त्या रात्री परत आला असं सर्रास लिहिलं जातं. एका रात्रीत असं काही होत नसतं, पण सुरुवात तिथून झाली हे मान्य करायला हरकत नाही.

क्रिकेटमध्ये अशी तुलना करता येईल का?

ओढूनताणून. सुनील गावसकर सलग १०६ कसोटी खेळले, तेव्हाचा तो विक्रम होता. पुढे ॲलन बॉर्डर १५३ आणि ॲलिस्टर कुक १५९पर्यंत गेले. कसोटी पाच दिवसांची असली तरी दोन कसोट्यांमध्ये आठवडे, कधी महिने जातात. बेसबॉलचा मोसम सहा महिन्यांत १६२ सामन्यांचा. जवळजवळ रोज खेळ आणि अध्येमध्ये विमानप्रवास. आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही.

रोज खेळण्याचा हट्ट स्वार्थी नव्हता का? विश्रांती घेतली असती तर सरासरी वाढली असती.

हा आरोप तेव्हाही झाला, आणि तो फालतू नाही. १९९० मध्ये त्याची सरासरी .२५० होती. ९२ आणि ९३ मध्येही बॅट फारशी चालली नाही. उभं राहण्याची ढब तो इतक्या वेळा बदलायचा की नवीन ढब म्हणजे नवीन घसरगुंडी, असं लोक म्हणायला लागले होते. ऑगस्टमध्ये चार दिवस बसवला असता तर सप्टेंबरमध्ये ताजा झाला असता, हे म्हणणं पटण्यासारखं आहे.

तरी मी त्याच्या बाजूने आहे. त्याच १९९० मध्ये बॅट थंड असताना त्याने तीनच चुका केल्या होत्या. शॉर्टस्टॉपचं अर्धं काम हातमोज्याचं असतं, आणि त्याच्या जागी येणारा राखीव खेळाडू दोन्ही बाबतींत कमी होता. त्याला बसवून संघाचा फायदा झाला असता असा दिवस शोधायला बसलं तर फार सापडणार नाहीत, निदान १९९५पर्यंत तरी. त्यानंतरची तीन वर्षं मात्र थोडी आकड्यासाठी होती, हे त्याच्या चाहत्यांनीही कबूल करावं.

जपानी खेळाडूचा विक्रम काय होता?

हिरोशिमा कार्पचा साचिओ किनुगासा, सलग २,२१५. रिपकेनने १४ जून १९९६ रोजी कॅन्सस सिटीमध्ये तो मागे टाकला आणि किनुगासा तो सामना बघायला अमेरिकेत हजर होते.

मालिका कशी थांबली?

दुखापतीने नाही. २० सप्टेंबर १९९८, मोसमातला घरचा शेवटचा सामना, समोर यांकीज. रिपकेन अडतीस वर्षांचा. खेळ सुरू होण्याच्या थोडं आधी तो मॅनेजर रे मिलर यांच्या खोलीत गेला आणि आज मी खेळत नाही म्हणाला. त्याच्या जागी रायन मायनर हा नवखा पोरगा उतरला. पहिला गडी बाद झाल्यावर यांकीजचे खेळाडू बाकाच्या पायरीवर येऊन टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा स्टेडियमला काय झालंय ते उमगलं.

शॉर्टस्टॉप त्याने कधी सोडलं?

१९९६च्या जुलैमध्ये सहा सामन्यांपुरतं तिसऱ्या बेसवर पाठवलं होतं, १९९७ पासून कायमचं. शॉर्टस्टॉपला माइक बॉर्डिक आला.

पण एक शेवटची खेप उरली होती. जुलै २००१, सिॲटलमधला ऑल-स्टार सामना. त्याने मोसमाअखेर निवृत्ती जाहीर केली होती. तिसऱ्या बेसवर उभा असताना शॉर्टस्टॉपचा ॲलेक्स रॉड्रिगेझ त्याच्याकडे आला आणि त्याला धरून आपल्या जागेवर ढकलू लागला. रिपकेनला आधी कळेना, मग थोडा वैतागला, शेवटी हसत गेला. एक इनिंग तिथे खेळला. मग पहिल्याच फलंदाजीत चॅन हो पार्कच्या पहिल्याच चेंडूवर होम रन, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू.

कारकिर्दीचे आकडे?

३,००१ सामने, ३,१८४ हिट, ४३१ होम रन, १,६९५ आरबीआय, सरासरी .२७६. त्यातले ३४५ होम रन शॉर्टस्टॉप म्हणून. ऑल-स्टार १९ वेळा. ३,०००वा हिट एप्रिल २०००, मिनेसोटात. हॉल ऑफ फेमसाठी २००७ मध्ये ५४५ पैकी ५३७ मतं; टोनी ग्विनबरोबर त्याचा समावेश झाला.

डेरेक जेटर मोठा की रिपकेन?

यांकीजचा शॉर्टस्टॉप जेटरकडे ३,४६५ हिट आणि पाच वर्ल्ड सिरीज आहेत, न्यू यॉर्कचा झगमगाट आहे. क्षेत्ररक्षणात मात्र रिपकेन कितीतरी पुढे. हातमोजा मोजायचा असेल तर हा प्रश्नच उरत नाही. सर्व काळांतला सर्वोत्तम शॉर्टस्टॉप कोण, असं विचारलंत तर बहुतेक जाणकार शंभर वर्षांपूर्वीच्या होनस वॅग्नरचं नाव घेतात, आणि दुसऱ्या जागेच्या भांडणात रिपकेन असतोच.

जेटर स्वतः सहा फूट तीन इंच. रॉड्रिगेझही तेवढाच. साडेसहा फुटांच्या वरचा ओनील क्रूझ २०२४पर्यंत शॉर्टस्टॉपला होता. आज कोरी सीगर आहे, आणि ओरिओल्सच्या त्याच जागेवर सहा फूट तीन इंचांचा गनर हेंडरसन. वीव्हरने १९८२ मध्ये दार उघडलं नसतं तर यांतल्या अर्ध्यांना लहानपणीच तिसऱ्या बेसवर पाठवलं असतं.

हा विक्रम कुणी मोडेल?

मला वाटत नाही. रिपकेननंतरची सर्वांत लांब मालिका मिगेल तेहादाची, १,१५२ सामने. २००७ मध्ये ती तुटली तेव्हा तोही ओरिओल्सचा शॉर्टस्टॉपच होता. हल्ली अटलांटाचा मॅट ओल्सन अनेक वर्षं रोज खेळत आला आहे, पण २०२५च्या अखेरीस तो आठशेच्या आसपास होता. आता संघ खेळाडूच्या थकव्याचं मोजमाप ठेवतात आणि धडधाकट माणसालाही महिन्यातून एक-दोन दिवस बसवतात. सलग सोळा मोसम कुणाला खेळू देतील?

सध्या तो काय करतो?

ॲबर्डीनला लहान मुलांच्या बेसबॉलसाठी मैदानं उभी केली. वडील १९९९ मध्ये गेले; त्यांच्या नावाची संस्था मुलांसाठी क्रीडांगणं बांधते. २०२४ मध्ये डेव्हिड रुबेनस्टीन यांच्या गटाने ओरिओल्स विकत घेतले, त्या गटात रिपकेन भागीदार आहे.

बेसबॉल कधीच पाहिला नाही. रिपकेनचं काय पाहू?

२१३१ची रात्र सगळे सुचवतील, ती पाहाच. पण त्याआधी १९९० किंवा १९९१च्या मोसमातला कुठलाही एक साधा सामना शोधा आणि चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघा. पिचर हात वर नेतो तेव्हा तो एक-दोन पावलं कुठे सरकतो, ते पाहा. चित्रीकरणात तो कोपऱ्यातच दिसतो, त्यामुळे थोडा धीर लागेल. दोन-तीन इनिंगनंतर फटका कुठे जाणार याचा अंदाज तुम्हालाही त्याच्या पावलांवरून यायला लागेल.